बारा वाजता मोठा होणारा मुलगा

नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन महाबळेश्वरला दोन रात्री राहायचे, हा ठराव आमच्या घरात एकमताने संमत झाला आणि त्याच्या अंमलबजावणीची सगळी जबाबदारी नेहमीप्रमाणे माझ्यावर आली. बऱ्याच शोधानंतर मी 'फॅमिली फ्रेंडली' म्हणवणारे एक रिसॉर्ट निवडले. मुलांच्या खेळांसाठी तिथे स्वतंत्र खोली होती आणि दरीच्या बाजूला पक्का कठडा असल्याचे छायाचित्रात दिसत होते. काल संध्याकाळी आरक्षणासाठी तिथे फोन केला आणि तेव्हापासून मी धुमसतो आहे.

फोनवरचा तरुण अत्यंत नम्र होता. ज्याच्यावर आवाज चढवता येत नाही, अशा माणसाशी भांडणे किती अवघड असते, हे त्या अर्ध्या तासात मला पुरते कळले. आम्ही दोघे, माझी आई आणि दोन मुले, असा तपशील मी दिला. धाकटी चार वर्षांची आहे. ती फुकट निघाली. मग थोरल्याचे वय विचारण्यात आले.

"अकरा. पंचवीस डिसेंबरला बारा पूर्ण होतील," असे मी मोठ्या उत्साहाने सांगितले. वाढदिवस म्हटल्यावर एखादा केक तरी पदरात पडेल, असा माझा अंदाज होता.

"म्हणजे सर, चोवीसला तो चाइल्ड आणि पंचवीसला ॲडल्ट. रात्री बारानंतर एक्स्ट्रा बेड घ्यावा लागेल."

"रात्री बारा वाजता तो झोपलेला असेल."

"हरकत नाही, सर. आमचा रूम बॉय गादी घेऊन येईल. तुम्ही फक्त त्याला उठवून गादीवर घ्यायचं."

हे तो थट्टेने म्हणत असेल असे समजून मी हसलो. पलीकडून हसण्याचा प्रतिसाद आला नाही. मग त्याने सांगितले की, मुळात त्या वेळी आमच्यापैकी कोणी झोपलेलेच नसेल, कारण चोवीस तारखेला 'गाला डिनर' असते आणि ते सक्तीचे असते. मोठ्यांना माणशी साडेतीन हजार, लहानांना दोन हजार. जेवण साडेआठला सुरू होते आणि साडेबाराला संपते. येथे तो क्षणभर थांबला. एवढ्या गंभीर अडचणीकडे आजवर कोणाचेच लक्ष गेले नसावे, असे त्याच्या थांबण्यावरून जाणवले.

"सर, म्हणजे तो जेवायला बसताना चाइल्ड असेल आणि उठताना ॲडल्ट."

"मग काय करायचे?"

"बाराच्या आत जेवण उरकलं तर चाइल्डचा रेट लावू. बारानंतर काउंटरला गेला तर ॲडल्ट."

"आणि बाराच्या आधी वाढून घेतलेली जिलबी त्याने बारा वाजून पाच मिनिटांनी खाल्ली तर?"

हा प्रश्न मी निव्वळ चिडून विचारला होता. परंतु त्या भल्या माणसाने तो मनावर घेतला, "विचारून सांगतो, सर" म्हणाला आणि मला सनईच्या सुरावटीत ताटकळत ठेवून वरिष्ठांकडे गेला. बराच वेळ सनई ऐकून माझे मन लग्नघरात पोचले, तेव्हा तो परतला. "मॅडम म्हणाल्या, प्लेटमध्ये आधी घेतलेलं चालेल. पुन्हा घ्यायला जायचं नाही."

या ठिकाणी मला एसटी महामंडळाची आठवण झाली आणि तिचा मोठेपणा नव्याने पटला. स्वारगेटहून महाबळेश्वरला जाणाऱ्या गाडीत माझ्या पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आईला २०२२ पासून तिकीट पडत नाही, बायकोला २०२३ पासून अर्धे पडते, पाच ते बारा वयाच्या मुलाला पूर्वीपासूनच अर्धे आहे आणि धाकटी मांडीवर फुकट येते. पाच माणसे दोन तिकिटांत पसरणीचा घाट चढून जातात आणि त्यांतले पूर्ण तिकीट काढणारा मी एकटाच असतो. कंडक्टर फार तर मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून "कितवीत आहेस रे?" असे विचारतो आणि अर्धे तिकीट हातावर ठेवतो. त्याने आजवर कोणाला मध्यरात्री उठवल्याचे ऐकिवात नाही. वास्तविक ही गाडी कोणी 'फॅमिली फ्रेंडली' म्हणून विकायला काढलेली नाही.

संभाषण स्पीकरवर चालू होते आणि शेजारी वाती वळत बसलेल्या आईला इतका वेळ गप्प राहणे झेपत नव्हते. नातवाच्या जन्मवेळेविषयी परक्या माणसाने गैरसमज करून घ्यावा, हे तिला सहन झाले नाही.

"बाळ, कुठला रे तू?"

"वाईचा, आजी."

"अगं बाई! गंगापुरीतला का?" मग ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट आणि आईच्या एका मावसबहिणीचे सासर, अशी दोघांची सविस्तर यात्रा झाली. त्या ओळखीतून हजार-पाचशेची सूट निघेल या आशेने मी ती चालू दिली. आता तिने हळूच 'मुलाला लहान म्हणून धर' असे म्हणावे, एवढीच माझी अपेक्षा होती. आई म्हणाली, "अरे, तो पंचवीस तारखेला बाराचा होतो असं हा म्हणतोय, पण ते काही खरं नाही. पहाटे तीन चाळीसचा जन्म आहे त्याचा. सूर्योदयाच्या आधी झालेला जन्म आदल्या वारी धरतात. पत्रिकेतही तसंच लिहिलंय."

पलीकडे शांतता पसरली. मग कॅल्क्युलेटरची बटणे दाबल्याचा आवाज आला.

"म्हणजे आजी, चोवीसलाच बारा पूर्ण?"

"हो तर!"

"मग प्रश्नच मिटला, सर. दोन्ही रात्री ॲडल्ट."

ज्या आस्थापनेत खोली दुपारी एकला मिळते आणि सकाळी दहाला रिकामी करावी लागते, म्हणजे जिचा दिवसच मुळी एकवीस तासांचा असतो, तिने आमच्या पंचांगाचा सूर्योदय मात्र तात्काळ मान्य केला. मी आधार कार्डावरच्या तारखेचा दाखला दिला, जन्मदाखला पाठवण्याची तयारी दाखवली. पण घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीचा शब्द आपण कसा मोडायचा, असे त्या वाईच्या मुलाचे म्हणणे पडले आणि त्यावर आईने मान डोलावली. आईने स्वतःपुरता दूधभात मागितला, कारण रात्री ती दुसरे काही खात नाही. तोही त्याने आनंदाने कबूल केला. एका वाटीचे साडेतीन हजार.

मला खरा राग त्या रकमेचा येत नाही. शाळांच्या सुट्ट्या सगळ्यांना एकाच वेळी लागतात, त्या आठवड्यात भाव वाढणार, हे समजण्याइतका व्यवहार मला कळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तेव्हा मी वर्तमानपत्र बायकोला वाचून दाखवले होते. प्रत्यक्षात नाताळात मला सांगितलेला प्रत्येक भाव साडेसात हजारांच्या पलीकडचा होता आणि तिथे अठरा टक्केच लागतात. तेही सोसले. राग याचा येतो की, मी मुलांविषयी जे जे विचारले, त्यातले त्याला काहीही सांगता आले नाही. गरम पाणी सकाळी सात ते नऊ एवढेच येते. त्यानंतर उठणाऱ्या मुलांनी काय करायचे, ते ठाऊक नाही. रात्री धाकटीला दूध मिळेल का, ते किचनला विचारावे लागेल. संगीत किती वाजता थांबते, ते 'पाहुण्यांच्या उत्साहावर' अवलंबून आहे. मुलाच्या वयाची घटका-पळे मोजणाऱ्यांनी एवढ्या तरी गोष्टी मोजून ठेवायला नकोत का?

एका गोष्टीची माहिती मात्र त्याला तोंडपाठ होती. मुलांसाठी रोज संध्याकाळी 'रेन डान्स' असतो. पावसाळ्यात ज्या गावावर पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि लोक छत्रीतसुद्धा भिजतात, त्याच गावात डिसेंबरमध्ये नळाने पाऊस पाडून वर त्याचे शुल्क घ्यायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला नमस्कारच केला पाहिजे. वेण्णा तलावापासून लिंगमळ्यापर्यंत कडाक्याच्या थंडीत पहाटे दवबिंदू गोठतात आणि वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे छापून येतात. त्या हवेत मुलाला संध्याकाळी भिजवून आणल्यावर रात्री गरम पाणी नाही.

तरीही आरक्षण केले, कारण बाकी ठिकाणे भरली होती आणि पैसे भरण्याची लिंक पंधरा मिनिटांत बंद होणार होती. आज सकाळी पावती आली: 'ॲडल्ट ४, चाइल्ड १'. चिरंजीवांनी ती वाचली आणि ताबडतोब चहा मागितला. त्यांना मी खाली छापलेले नियमही वाचायला लावले, आणि तिथे माझेच डोळे थांबले. ज्या खेळांच्या खोलीसाठी हे ठिकाण निवडले होते, तिच्यात 'बारा वर्षांखालील मुलांनाच' प्रवेश होता. व्यायामशाळेत सोळा वर्षांखालील कोणालाच नव्हता.

मी पुन्हा फोन लावला. तोच आवाज, तीच नम्रता. त्याने आधी आजींची चौकशी केली, मग माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बरोबर आहे, सर. तो लॉबीत बसू शकेल. लॉबी सगळ्यांना फ्री आहे."