हॅश केलं म्हणजे भार वाटला गेला?

पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: पीअर-टू-पीअर जाळ्यात (मधला सर्व्हर नसलेल्या, एकमेकांशी थेट जोडलेल्या यंत्रांच्या जाळ्यात) हॅशिंगमुळे (नावावरून विस्कळीत वाटणारा ठरावीक आकडा काढण्यामुळे) भार आपोआप समान वाटला जातो, लॉग एन हॉपमध्ये (यंत्रं दुप्पट झाली तरी एखादीच उडी वाढते, इतक्या थोड्या उड्यांत) काहीही झटपट सापडतं, जवळचा पीअर (जाळ्यातलं दुसरं यंत्र) निवडला की वेग मिळतो, आणि म्हणून भार व जवळीक हे दोन्ही प्रश्न कधीच सुटलेत. प्रत्येक विधानात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती पटकन पटतात.

पहिलं विधान घेऊ. 2001 साली एमआयटीतून आलेल्या कॉर्ड या पद्धतीत नोड (जाळ्यातलं यंत्र) आणि फाइल, दोघांचे आयडी एसएचए-1 या हॅशिंगच्या सूत्राने काढून एकाच वर्तुळावर मांडतात. फाइलच्या आयडीपुढे जो पहिला नोड लागेल, तो तिला सांभाळतो. असे 1000 नोड वर्तुळावर कसेही टाकले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्तुळाचा साधारण सारखा तुकडा येईल असं वाटतं. येत नाही. सर्वांत मोठा तुकडा सरासरीच्या सुमारे साडेसात पट निघतो आणि सर्वांत लहान तुकडा सरासरीच्या हजाराव्या हिश्श्याच्या घरात असतो. कॉर्डच्या लेखकांनी हे लपवलेलं नाही. एका यंत्रावर अनेक आभासी नोड चालवा, म्हणजे त्याला वर्तुळावर अनेक जागा द्या, असा उपायही त्यांनीच दिला आहे. मात्र प्रत्येक आभासी नोडचं राउटिंग टेबल (पुढे कोणाला विचारायचं याची यादी) वेगळं आणि देखभालही वेगळी. हिंजवडी-बाणेरला कॅसँड्रा (अनेक यंत्रांवर पसरलेला डेटाबेस) सांभाळणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही. तिथे एका यंत्रामागे 256 टोकन (म्हणजे आभासी नोडच) हा डिफॉल्ट होता, 4.0 आवृत्तीत तो 16 वर आणला. टोकन जितके जास्त, तितका एका यंत्राचा डेटा जास्त यंत्रांशी गुंतलेला. मग कुठलीही दोन यंत्रं एकदम पडली तरी कोणता ना कोणता तुकडा अडचणीत येण्याची शक्यता वाढते.

बरं, तुकडे अगदी सारखे करून टाकले असं धरू. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीचा एकच व्हिडिओ अर्धं शहर शोधतंय. त्याचा आयडी एक, तो सांभाळणारा नोड एक. लोकांना काय आवडतं ते हॅशला कळत नाही, त्यामुळे सगळे त्याच दारात येणार. इथे कॅशिंग, म्हणजे इतरांकडेही प्रती ठेवणं, लागतं. कॅडेमलिया या दुसऱ्या पद्धतीने (2002) ते असं केलं: उत्तर सापडलं की शोधाच्या वाटेवर ज्यांच्याकडे ते नव्हतं, त्यांच्यातल्या आयडीने सर्वांत जवळच्या नोडकडे एक प्रत ठेवून द्यायची. हा वेगळा निर्णय झाला, हॅशिंगबरोबर फुकट आलेला नाही. फाइल वाटून घेण्याच्या बिटटोरेंटचं उदाहरण देणाऱ्यांसाठी एक आठवण: त्याच्या डीएचटीत (हॅशवर चालणाऱ्या, यंत्रांत वाटलेल्या यादीत) फाइल नसतेच, ती कोणाकोणाकडे आहे त्यांचे पत्ते असतात. फाइलचा भार वाटला जातो तो ‘दुर्मीळ तुकडा आधी घ्या’ यासारख्या नियमांनी.

सगळी यंत्रं सारख्या ताकदीची नसतात, हे तर सांगायलाही नको. कोणाचा घरचा लॅपटॉप, कोणाचा डेटा सेंटरमधला सर्व्हर. दोघांना समान वाटा दिला तर लॅपटॉप बसणारच.

आता हॉप. दहा लाख नोड असले तर कॉर्डमध्ये सरासरी दहा हॉप होतात, आकडा बरोबर आहे. पण त्या दहा उड्या कुठून कुठे? हॅशमुळे वर्तुळावरचा शेजारी प्रत्यक्षात जगात कुठेही असू शकतो. हिंजवडीच्या नोडला हडपसरमधली फाइल हवी असली तरी चौकशी फ्रँकफर्टवरून जाऊ शकते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर धरले, तर नुसतं जाऊन यायला किमान 65 मिलिसेकंद. मुंबईपर्यंतचं दीडशे किलोमीटर तेवढ्याच हिशेबाने दीड मिलिसेकंदात होतं. हॉप मोजून वेग ठरवणारा माणूस हा फरक बघतच नाही.

पेस्ट्री या तशाच पद्धतीने (2001) यावर चांगली युक्ती काढली. योग्य उपसर्गाचे (आयडीची सुरुवात जुळणारे) जेवढे नोड माहीत असतील, त्यांतला नेटवर्कवर सर्वांत जवळचा टेबलात ठेवायचा. पहिल्या हॉपला निवड भरपूर असते, पण पुढच्या प्रत्येक हॉपला आयडीचा आणखी एक अंक (सोळांपैकी एक) जुळावा लागतो, त्यामुळे उमेदवार सोळा पटींनी घटतात. म्हणून लांबच्या उड्या शेवटीशेवटी येतात.

‘मग आयडीच भूगोलानुसार द्या ना’, असंही त्या मेसेजखाली कोणीतरी सुचवतं. दिले, तर जिथे यंत्रं दाट तिथे एकेकाचा तुकडा चिमुकला आणि जिथे विरळ तिथे अवाढव्य. शिवाय प्रती सहसा वर्तुळावरच्या शेजाऱ्यांकडेच ठेवतात. पुण्याचे सगळे नोड शेजारी-शेजारी बसले आणि रस्त्याच्या खोदकामात एक मुख्य फायबर तुटली, की मूळ फाइल आणि तिच्या प्रती एकदमच गायब. हॅशच्या विखुरण्याचा हा फायदा मेसेजवाल्यांनी सांगितलेलाच नाही, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो.

जवळच्या पीअरबद्दल. कोथरूडमधल्या समोरासमोरच्या दोन फ्लॅटमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचं ब्रॉडबँड असेल, तर त्यांच्यातला डेटा मुंबईला जाऊन परत येऊ शकतो. नकाशावरचं अंतर इथे कामाचं नाही. कोण खरंच जवळ आहे हे नेटवर्ककडूनच कळावं म्हणून 2008 साली पी4पी ही योजना आली, आणि पुढे आयईटीएफचा (इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा) आल्टो प्रोटोकॉल (आरएफसी 7285, 2014). पण फक्त जवळच्यांशीच जोडायचं ठरवलं तर झुंडीची (एकच फाइल वाटून घेणाऱ्या पीअरांची) बेटं होतात आणि एखादा दुर्मीळ तुकडा बेटाबाहेरच राहतो. थोडे लांबचे पीअर मुद्दाम ठेवावे लागतात. त्यातही सगळ्यांनी एकच ‘सर्वांत जवळचा’ निवडला की तोच गुदमरतो. त्यापेक्षा जवळच्यांतले कुठलेही दोन घ्या आणि ज्याच्यावर भार कमी त्याच्याकडे जा. एवढ्यानेही गर्दी बरीच ओसरते.

राहिलं ‘दोन्ही प्रश्न सुटलेत’. मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्किपनेट या पद्धतीने (2003) याचं सर्वांत प्रामाणिक उत्तर दिलं असं माझं मत आहे. तिथे फाइलच्या नावात एक उद्गारचिन्ह टाकता येतं. त्याच्या आधीचा भाग फाइल कोणत्या संस्थेच्या यंत्रांत राहील ते ठरवतो, नंतरच्या भागाचा हॅश होतो. म्हणजे भार समान वाटायचा, पण त्या कुंपणाच्या आत. कुंपण पुण्यातल्या दहा यंत्रांभोवती घातलं तर डेटा शहरात राहील आणि त्याचा सगळा भार त्याच दहा यंत्रांना सोसावा लागेल. ते उद्गारचिन्ह कुठे टाकायचं, हे फाइलला नाव देणाऱ्यालाच ठरवावं लागतं.