सिसेरो केवळ शब्दांचा धनी होता काय?

माझ्या लेखावर आपला आक्षेप असा की, प्राचीन रोमच्या सिसेरोला थोर वक्ता आणि मुत्सद्दी ठरवताना मी त्याचे दोष झाकले. प्रत्यक्षात तो वारा येईल तशी पाठ देणारा, केवळ शब्दांचा धनी होता, असे आपण म्हणता. यातला दोष झाकल्याचा भाग मला मान्य आहे. इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, असताना त्याने कॅटिलिनाच्या, सत्ता उलथवू पाहणाऱ्या कटातील पाच रोमन नागरिकांना खटला न चालवता गळा आवळून मारविले. त्यांना इटलीतील गावांत कैदेत ठेवावे, ही सीझरची सूचना सिनेटमध्ये मागे पडली. हे अधिक खुपते, कारण सातच वर्षांपूर्वी सिसिलीचा माजी सुभेदार व्हेरेस याच्याविरुद्धच्या भाषणांत याच सिसेरोने गावियसची कैफियत मांडली होती. सिसिलीतील मेसाना शहराच्या चौकात फटके खाताना ‘मी रोमन नागरिक आहे’ एवढेच म्हणत राहिलेल्या त्या माणसाला, समोर इटली दिसेल अशा जागी, क्रुसावर चढवले होते.

पण ‘केवळ शब्दांचा धनी’ हे मला पटत नाही, आणि त्याचे कारणही व्हेरेसच्याच खटल्यात आहे. तीन वर्षे सिसिली लुटणाऱ्या या सुभेदाराविरुद्ध पुरावे गोळा करायला सिसेरोने ११० दिवस मागून घेतले आणि ५० दिवसांत काम उरकले. आरोपीचा वकील हॉर्टेन्सियस पुढील वर्षासाठी कॉन्सल निवडून आला होता. मध्ये येणाऱ्या उत्सवांचा फायदा घेऊन खटला नव्या वर्षात ढकलायचा, असा त्या पक्षाचा बेत होता. तेव्हा सिसेरोने वक्त्याला सर्वांत जड जाणारी गोष्ट केली: सुरुवातीचे लांबलचक भाषण सोडून थेट साक्षीदार उभे केले. व्हेरेस निकालाआधीच मासिलियाला (आजचे मार्सेय) निघून गेला. गावियसचा प्रसंग ज्यात आहे ते भाषण न्यायालयात झालेच नाही. ते नंतर प्रसिद्ध झाले.

त्याची धरसोड आपल्याला इतकी स्पष्ट दिसते ती मुख्यतः त्याचा मित्र आटिकस याला लिहिलेल्या खासगी पत्रांमुळे. १३४५ मध्ये व्हेरोनात ती हाती लागली तेव्हा इटालियन कवी पेट्रार्कही आपल्यासारखाच व्यथित झाला होता. परंतु मित्राजवळ भीती बोलून दाखवणाऱ्या याच माणसाने, साठी उलटल्यावर, स्वतःचे सैन्य नसताना, रोमन सेनानी अँटनीविरुद्ध चौदा भाषणे रचली. इ.स.पू. ४३ च्या ७ डिसेंबरला त्याला ठार करण्यात आले, आणि ज्या व्यासपीठावरून तो बोलत असे तिथेच त्याचे शिर आणि ती भाषणे लिहिणारा हात मांडण्यात आला.

त्या पाच जणांविषयीचा परिच्छेद मी आजच मूळ लेखात जोडत आहे.