पॅसेजमधली ओल तेलाच्या हीटरने जात नाही

पावसाळ्यात गोव्यातल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास येतो. त्याचा आशय असा: घरातल्या अरुंद पॅसेजमध्ये तेलाचा रेडिएटर ठेवा, ओल जाते, कपडे सुकतात, बुरशी मरते. जास्त फिनांचा (म्हणजे उभ्या पत्र्यांच्या पात्यांचा) घ्या म्हणजे वीज कमी लागते, आणि तो कुठल्याही प्लगवर चालतो. सोबत भिंतीला चिकटलेल्या पातळ, पांढऱ्या रेडिएटरचा फोटो असतो.

आधी फोटोबद्दल. तो युरोपातल्या घरांमधला पत्र्याचा पॅनेल आहे. बॉयलरचं गरम पाणी त्यातून फिरतं. एकेरी पॅनेलची जाडी सुमारे ६ सेंटिमीटर असते, म्हणून तो अरुंद वाटेत खपून जातो. आपल्या दुकानात मिळतो तो चाकांवरचा, तेल भरलेला विजेचा हीटर. पायांसकट तो साधारण २५ सेंटिमीटर जागा खातो, म्हणजे ९० सेंटिमीटरच्या पॅसेजमध्ये चालायला ६५ उरतात. रात्री म्हातारी माणसं न्हाणीघराकडे जातात ती याच वाटेने. शिवाय तिकडचा प्रश्न थंडीचा आहे. इथे जानेवारीतही किनारपट्टीवर पहाटेचं तापमान २० अंशांच्या आसपास असतं, आणि जुलैत हवा गार नसते, दमट असते.

“ओल जाते.” सगळी चूक इथे आहे, म्हणून हिशेबच करू. पॅसेज ४ मीटर लांब, १ मीटर रुंद, ३ मीटर उंच धरला तर आत १२ घनमीटर हवा मावते. २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना त्या हवेत सुमारे २८० ग्रॅम पाण्याची वाफ असते. हीटरने हवा ३३ अंशांवर नेली की आर्द्रतामापकावर ६५च्या आसपास आकडा दिसतो आणि माणसाला वाटतं, काम झालं. पण वाफ तेवढीच आहे, एक ग्रॅमही घराबाहेर गेलेली नाही. गरम हवेला जास्त वाफ धरता येते, म्हणून टक्केवारी उतरली, एवढंच. हीटर बंद केला की आकडा परत ९०वर. तीच हवा शेजारच्या खोलीतल्या गार भिंतीला लागली तर तिथे दव धरतं.

“कपडे सुकतात.” मशीनमध्ये पिळून काढलेल्या ५ किलो सुती कपड्यांत अडीच लिटरच्या आसपास पाणी राहतं. वरच्या पॅसेजमधली ३३ अंशांची हवा आणखी जेमतेम १५० ग्रॅम वाफ घेऊ शकते. बाकीचं पाणी कपड्यातून निघेल ते छतावर, कपाटाच्या पाठीवर, गाद्यांमध्ये जाऊन बसेल. आणि थेट फिनांवर कपडे टाकणं तर धोक्याचंच. उष्णता कोंडते, सुरक्षा-स्विच हीटर बंद करतो, आणि तो स्विच बिघडलेला असला तर कापड करपतं.

“बुरशी मरते.” ३३ अंशांना ती मरत नाही. २५ ते ३० अंश हे तर तिच्या सोयीचं तापमान. चिऱ्याच्या जुन्या भिंतीत पाणी पायातून वर चढत असेल तर आणखी एक नुकसान होतं: तापवलेल्या भिंतीतून पाणी वेगाने उडतं, क्षार पृष्ठभागावर राहतात, लोणा लागतो आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो.

फिनांचं थोडक्यात. २००० वॅटचा हीटर २००० वॅटच उष्णता देतो, फिन ९ असोत की १३. फिन वाढले की पृष्ठभाग कमी तापतो. तेल उष्णता साठवतं, निर्माण करत नाही. दहा तास पूर्ण भाराने चालला की २० युनिट.

“कुठल्याही प्लगवर चालतो” हे वाक्य घर जाळू शकतं. २५०० वॅटला जवळजवळ ११ अँपियर लागतात. ६ अँपियरचा सॉकेट किंवा स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड आतून वितळतो, बाहेरून कळतही नाही. १६ अँपियरचा सॉकेट, किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि नीट अर्थिंग हवंच. वर्षभर पडून राहिलेल्या हीटरच्या कॉइलमध्ये दमटपणा शिरतो, गळती प्रवाह वाढतो आणि ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो. अशा वेळी ईएलसीबीला बगल देऊन हीटर चालवणारे आहेत. कृपा करून तसं करू नका. तो पडतो म्हणूनच जीव वाचतो.

मग करायचं काय? आधी पाणी येतं कुठून ते शोधा. फूटभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. मागच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतली आहे. पन्हळ, फुटकं कौल, जोत्याला टेकलेली माती, न्हाणीघराची पाइप, हे तपासा. पुढच्या बाजूला थेंब असतील तर ओल हवेतली, आणि तिला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली वाफ ओढून तिचं पाणी करणारं यंत्र, लागतो. कॉम्प्रेसरवालाच घ्या, आपल्या तापमानात तो उत्तम चालतो. दिवसाला २० लिटर क्षमतेचं यंत्र साधारण ३०० ते ४०० वॅट खातं, म्हणजे दहा तासांना ३ ते ४ युनिट. पॅसेजच्या आंधळ्या टोकाला ठेवा, हवा ओढणाऱ्या बाजूला ३० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा, खोल्यांची दारं उघडी आणि बाहेरच्या खिडक्या बंद. निचऱ्याची नळी मोरीत उतारावर सोडली तर टाकी उपसायला उठावं लागत नाही. ५५ ते ६० टक्क्यांवर लावा, त्याखाली नेऊन वीज घालवू नका.

उष्णतेचा उपयोग एकाच ठिकाणी पटतो: घट्ट बंद होणाऱ्या लहान कपाटात, जिथे बाहेरची नवी वाफ सहसा शिरत नाही. कॅमेरा, तंबोरा, कागदपत्रं यांच्यासाठी तिथे कमी वॅटची उष्णता-कांडी पुरते, कापडापासून दूर बसवलेली.

डीह्युमिडिफायर लावल्यावर पहिला आठवडा रोज किती लिटर पाणी निघालं ते लिहून ठेवा. खिडक्या बंद असूनही आठव्या दिवशी पहिल्या दिवसाएवढंच निघत असेल, तर यंत्राची क्षमता वाढवण्याआधी पुन्हा एकदा छपरावर माणूस चढवा.