निर्धाराचा प्रश्न नाही हा

झोपेच्या गोळ्या सोडण्यावरचा तुमचा लेख चांगलाय, पण ‘मनाचा निर्धार केला की झोपेची गोळी आठवड्यात सुटते’ हे वाक्य घातक आहे. वर्षानुवर्षं अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपामसारखी गोळी झोपेसाठी घेणाऱ्याने ती एकदम थांबवली तर नुसती झोप उडत नाही. हात थरथरतात, छाती धडधडते, क्वचित फिटही येते. यात निर्धाराचा काय संबंध?

इंग्लंडात न्यूकॅसलला प्रा. हेदर अ‍ॅश्टन यांनी 1982 ते 1994 या काळात खास अशा गोळ्या सोडवण्यासाठीच क्लिनिक चालवलं. लवकर ओसरणाऱ्या गोळीवरून हळूहळू डायझेपामवर (याच जातीची, पण शरीरात जास्त काळ टिकणारी गोळी) आणायचं, मग डोस थोडा थोडा उतरवायचा, अशी त्यांची पद्धत. त्यांच्या हिशेबाने 0.5 मिग्रॅ अल्प्राझोलम म्हणजे साधारण 10 मिग्रॅ डायझेपाम. हे ऐकून पेशंट दचकतात. "एवढीशी तर गोळी आहे, डॉक्टर!" (म्हाताऱ्या माणसांना, लिव्हर बिघडलेल्यांना डायझेपाम सरसकट नको.)

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. एका मावशींची अशीच गोळी सोडवायची होती. त्यांची सून गोळीचे ब्लेडने तुकडे करून डबीत भरायची, कॅलेंडरवर खूण करायची. मध्येच घरात लग्न निघालं, तेव्हा डोस होता तिथेच ठेवला. वाढवला मात्र नाही. सुटायला वर्ष उलटलं.

खरी डोकेदुखी मेडिकलची. अल्प्राझोलम शेड्यूल एच-1 मध्ये (डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची कडक यादी) आहे, विक्रीची नोंद ठेवावी लागते, तरी जुन्या चिठ्ठीवर गोळ्यांची पट्टी मिळतेच. म्हणून मी मोजक्याच गोळ्या आणि पुढची तारीख लिहितो. दारू पिणारे आणि पूर्वी फिट आलेले मात्र थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे.