आधी पद ठरवा, मग सर्टिफिकेट मागा

सरकारी कार्यालयांत आणि सहकारी बँकांत सायबर सुरक्षेचं काम करणाऱ्यांना सर्टिफिकेट सक्तीचं करा, असं भारतात कुणी म्हटलं की पाठोपाठ अमेरिकेचा दाखला येतो. दाखला खरा आहे, पण अर्धाच.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ मध्ये ८५७० क्रमांकाचं मॅन्युअल काढलं. कामाच्या पातळ्या ठरल्या, प्रत्येकीपुढे मान्य परीक्षांची यादी आली. मधल्या तांत्रिक पातळीला ‘सिक्युरिटी प्लस’ ही सायबर सुरक्षेची पायाभूत परीक्षा चालायची: ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न. मग व्हायचं तेच झालं. पाच दिवसांचे क्रॅश कोर्स निघाले, फुटलेल्या प्रश्नांचे ‘डंप’ फिरू लागले, आणि फायरवॉलला कधी हात न लावलेला माणूसही कागदावर पात्र ठरू शकला.

८५७० ची जागा फेब्रुवारी २०२३ मध्ये ८१४०.०३ या नव्या मॅन्युअलने घेतली. आता कामाच्या प्रत्येक भूमिकेला तीन अंकी कोड आहे: ५११ म्हणजे हल्ल्यांवर नजर ठेवणारा विश्लेषक, ५३१ म्हणजे हल्ला झाल्यावर तो निस्तरणारा. पात्रतेचा पहिला भाग शिक्षण, प्रशिक्षण किंवा सर्टिफिकेट, यांपैकी कशानेही पुरा होतो. दुसरा भाग मात्र नेमलेल्या जागी, तिथल्याच यंत्रणेवर काम करून दाखवायचा. (साहेबाने डोळे झाकून सही केली तर हाही फार्सच, म्हणा.)

आपल्याकडे २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणाने पाच वर्षांत ५ लाख माणसं तयार करायचं ठरवलं. डोकी मोजली, पदं नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार हल्ल्याची घटना सहा तासांत कळवायची, लॉग म्हणजे यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या, संपर्कासाठी माणूस नेमायचा. पण ते लॉग वाचणाऱ्याला काय यायला हवं, याबद्दल चकार शब्द नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटी गेले, त्यातले सुमारे ८० कोटी एटीएम स्विचशी, म्हणजे एटीएमवरची मागणी बँकेकडे नेऊन मंजुरी परत आणणाऱ्या यंत्रणेशी, छेडछाड करून. खोटा स्विच व्यवहार परस्पर मंजूर करत होता. स्विचने दिलेल्या मंजुऱ्या कोअर बँकिंगच्या, म्हणजे बँकेच्या मुख्य खाते-यंत्रणेच्या, नोंदींशी ताडून पाहणं हे बहुपर्यायी प्रश्नांनी तपासता येत नाही.

सिक्युरिटी प्लसची फी ४०० डॉलरच्या वर, शिवाय दर तीन वर्षांनी नूतनीकरण. हा खर्च छोट्या नागरी बँकांच्या माथी मारण्याआधी पुण्यातल्याच सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेकडून एक नकली स्विच आणि कोअर बँकिंगची सराव-प्रयोगशाळा उभी करून घ्यावी. तिथे घुसखोरी शोधणं, स्विचची जोडणी तोडणं, बॅकअपवरून यंत्रणा परत उभी करणं आणि सहा तासांच्या आत अहवाल लिहिणं, एवढं करून दाखवणाऱ्यालाच ते पद द्यावं.