एक साधा चेक टाकायचा, म्हणे!

"अगं, फॉर्ममध्ये एक साधा चेक तर टाकायचाय. अर्ध्या तासाचं काम." हे वाक्य मी आजवर इतक्या वेळा ऐकलंय की आता कानावर पडलं तरी डोकं तापतं. काल पुन्हा ऐकलं, आणि काल माझा संयम सुटला. कारण ज्या चेकबद्दल, म्हणजे भरलेली माहिती बरोबर आहे का ते तपासणाऱ्या कोडबद्दल, बोलणं चाललं होतं तो मी तीन वेळा लिहिलाय आणि तिन्ही वेळा आउटलुक या मेलच्या सॉफ्टवेअरनं माझ्या तोंडावर फेकलाय.

फॉर्म रजेच्या अर्जाचा. मेलच्या सॉफ्टवेअरमध्येच बनवलेला, मागे व्हीबीस्क्रिप्ट नावाच्या भाषेतला कोड. रजा कधीपासून, कधीपर्यंत, कारण, काम कोण सांभाळणार. त्यात तपासायचं काय? शेवटची तारीख सुरुवातीच्या आधीची नको. बस. शाळकरी पोरालाही सुचेल अशी अट. मी लिहिली, तपासली, चालली. सगळे खूश.

आठवडाभरानं एका माणसाची नऊ लाखांहून जास्त दिवसांची रजा नोंदली गेली.

झालं असं, की त्यानं शेवटच्या तारखेचा रकाना रिकामाच सोडला होता. आता कुठल्याही शहाण्या माणसाला वाटेल, रिकामा म्हणजे रिकामा. नाही! या सॉफ्टवेअरमध्ये तारखेचा रकाना रिकामा नसतोच. स्क्रीनवर "काही नाही" असं दिसतं, पण आत १ जानेवारी ४५०१ ही तारीख बसलेली असते. चार हजार पाचशे एक! स्क्रिप्टला विचारलं ही तारीख आहे का, तर उत्तर हो. विचारलं सुरुवातीच्या नंतरची आहे का, तर अर्थातच हो, अडीच हजार वर्षं नंतरची आहे. चेक पास, अर्ज पुढे. आणि उलट कुणी सुरुवातीची तारीख सोडली, तर त्याला मेसेज येतो की "शेवटची तारीख सुरुवातीच्या आधीची आहे". तो बिचारा शेवटची तारीख दहादा बदलून बघतो, कारण मेसेज तेच सांगतोय. चूक भलत्याच रकान्यात, हे त्याला कळणार कसं? हे फॉर्म बनवताना कुठेही समोर येत नाही. ज्याला ठेच लागली त्यालाच कळतं.

बरं, ही चूक टाइप करतानाच पकडावी म्हटलं, तर तेही जमत नाही. खरा संताप माझा इथे आहे. चूक पकडायची योग्य वेळ म्हणजे माणूस त्या रकान्यातून बाहेर पडतो ती. तेव्हा त्याचं लक्ष तिथेच असतं, आपण काय लिहिलं हे त्याला आठवत असतं. पण या फॉर्मवरच्या टेक्स्टबॉक्सला "बाहेर पडला" असा इव्हेंटच, म्हणजे अमुक घडलं अशी कोडला मिळणारी वर्दीच, मिळत नाही. "बदलला" हाही नाही. मिळतो तो फक्त क्लिक, आणि रकाना फील्डला, म्हणजे माहिती आत साठते त्या जागेला, जोडलेला असला की तोही जातो. मग उरतो फील्ड बदलल्यावर येणारा इव्हेंट, जो आपण बनवलेल्या सगळ्या फील्डांना मिळून एकच. तो आला की नाव बघून ओळखायचं कुठलं फील्ड बदललं. पण तोवर भरलेली माहिती आत जाऊन बसलेली असते, अडवता येत नाही. दुरुस्त करावी म्हणून त्याच इव्हेंटमध्ये ती बदलली, की तोच इव्हेंट पुन्हा येतो. आणि ज्यानं रकान्याला हातच लावला नाही, त्याच्यासाठी तर तो येतच नाही. म्हणजे रिकामा रकाना, ज्यानं ही सगळी भानगड केली, तो तिथून सुखरूप सुटतो.

म्हणून सगळा भार येऊन पडतो सेव्ह करण्याच्या क्षणावर. माणसानं मान मोडून पंधरा-वीस रकाने भरलेत, आता पाठवायचं, आणि तेव्हा धाडकन मेसेज: "माहिती चुकीची आहे." कुठली माहिती? कुठे? त्या रकान्यावर नेऊन ठेवायचं तर तोही कोड आपणच लिहायचा, आणि रकाना दुसऱ्या पानावर असेल तर आधी ते पान समोर आणायचं. हे कुणी करत नाही. बहुतेक जण एक डबडा मेसेज टाकून मोकळे होतात. एक चूक दुरुस्त केली की दुसरी, ती केली की तिसरी. अरे, सगळ्या चुका एका दमात सांगा ना त्या माणसाला! त्याचा वेळ काही रस्त्यावर पडलेला नाही.

आणि सेव्हलाच अडवलं, तर अर्धवट भरून ठेवायचीही सोय जाते. घाईत असलेल्या माणसानं अर्धा फॉर्म भरला, बाकीचा नंतर भरू म्हणून सेव्ह दाबलं, तर "कारण लिहा". नंतर लिहिणार आहे ना तो! शेवटी मी सक्तीचे चेक पाठवण्याच्या इव्हेंटमध्ये हलवले. हे मला कुणी शिकवलं नाही, लोकांच्या शिव्या खाऊन शिकले.

आता व्हीबीस्क्रिप्टबद्दल. १९९६ सालची भाषा. त्यात एरर आली तर अमुक ओळीवर जा, असं सांगायची सोयच नाही. एकच सोय, एरर आली तर पुढच्या ओळीवर चालू लाग. आमच्या आधी ज्यानं कुणी हा फॉर्म केला त्यानं ती ओळ सगळ्यात वर टाकून ठेवली होती. याचा अर्थ कळतो का? "जर" ची अट तपासतानाच एरर आली, तर पुढची ओळ म्हणजे "तर" च्या आतली ओळ, आणि ती बिनदिक्कत चालते. फील्डच्या नावात एक अक्षर चुकलं, की अट तपासलीच जात नाही आणि निकाल मात्र लागतो. बरोबर भरलेल्या अर्जाला "चुकीचा" म्हणणारा चेक मी दोन दिवस शोधत होते. दोन दिवस! एडिटर म्हणावा तर साधं नोटपॅड. रंग नाहीत, सूचना नाहीत, मध्ये थांबून आत काय चाललंय ते बघायची सोय नाही. मी ओळीओळीवर मेसेज बॉक्स टाकून ती ओळ शोधली.

आकड्याचा चेकही तसाच. "हा आकडा आहे का" विचारायला तयार फंक्शन आहे, सगळे तेच वापरतात. त्याला "1e5" (एक लाख लिहायची गणिती पद्धत) द्या, आकडा. काहीच न भरलेलं व्हेरिएबल, म्हणजे कोडमधला रिकामा कप्पा, द्या, तरी आकडा! रजेच्या दिवसांचा रकाना आहे, त्यात फक्त अंक हवेत, तर एकेक अक्षर तपासा किंवा रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा साचा, लिहा. तारखेचंही तेच. मजकुराची तारीख करताना ५/६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे त्या मशीनच्या सेटिंगवर ठरतं. महिना आधी असलेल्या सेटिंगवर १३/५ लिहिलं तर तेरावा महिना नसतो म्हणून ते गुपचूप तेरा मे करून टाकतं, पण ५/६ मात्र सहा मे. एकाच माणसानं एकाच पद्धतीनं लिहिलेल्या दोन तारखा, दोन वेगळे अर्थ, आणि एकही एरर नाही. त्यापेक्षा एरर परवडली.

हे सगळं निस्तरलं, आणि मग कळलं की कित्येक मशीनवर स्क्रिप्ट चालतच नाही. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेच्या कारणानं फॉर्ममधली स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवायचा निर्णय घेतला. कारण पटतं मला, मेलमधून येणारा कोड धोक्याचा असतो. पण चालू करायची तर प्रत्येक मशीनच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, नोंद करायची, वर प्रत्येक फॉर्मचं नाव वेगळं नोंदवायचं. ज्या मशीनवर ते राहिलं तिथे फॉर्म जसाच्या तसा उघडतो, दिसतो, भरला जातो, पाठवला जातो. फक्त एकही चेक चालत नाही. अहो, चेक चालत नसेल तर फॉर्म उघडूच नका! निदान वर एक ओळ तरी दाखवा. भरणाऱ्याला वाटतं, पाठवू दिलं म्हणजे बरोबर असणार. त्या विश्वासाचा हा असा घात होतो, याची मला सगळ्यात जास्त चीड आहे.

२०२३ मध्ये तर व्हीबीस्क्रिप्टच मोडीत काढणार असं जाहीर झालं. हे आमच्याकडे सांगितलं तर उत्तर काय, "तोवर चालेल ना?"

चालत नाहीये! काल ज्यानं अर्धा तास म्हटलं, त्याच्यासमोर मी गेल्या महिन्याचे अर्ज ठेवले. त्यातल्या अकरा अर्जांच्या तारखा चुकीच्या आहेत. अकराही जणांनी फॉर्म भरला, कुणालाच फॉर्मनं अडवलं नाही. आता त्या प्रत्येकाला मी फोन करून विचारणार आहे, तुम्हाला जून म्हणायचं होतं की मे. त्यातल्या दोघांची रजा होऊनही गेलीये.