बॅटरी डुप्लिकेट नव्हती, साहेब

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की मार्चमध्ये आमच्याकडे टाकलेली बॅटरी ऑगस्टमध्ये मेली, म्हणजे माल डुप्लिकेट. आणि सहा महिन्यांची वॉरंटी मागितली तर आम्ही "फोन शून्यावर का ठेवला" म्हणून तुमच्यावरच ढकललं. तारखा बरोबर आहेत. वॉरंटीचंही बरोबर. राहिलेलं सविस्तर लिहितो, कारण हा वाद काउंटरवर रोजच निघतो.

फोन उघडला तेव्हा तुम्ही समोरच उभे होतात. टेप सोलून थेट सेलच्या (बॅटरीतला वीज साठवणारा मुख्य भाग) पट्ट्यांवर मल्टिमीटर लावला, आकडा आला १.३ व्होल्ट. स्क्रीनवर ०% दिसून फोन बंद पडतो ना, तेव्हाही सेलमध्ये साधारण ३ व्होल्टच्या वर शिल्लक असतं. सेल वाचावा म्हणून फोन मुद्दाम आधीच बंद होतो. त्यामुळे एखाद्या दिवशी चार्जिंग संपलं म्हणून सेल १.३ वर येत नाही. तो येतो तसाच पडून राहिला की. मे महिन्यात तुम्ही मुलाकडे पुण्याला गेलात, तिथे नवा फोन मिळाला आणि हा उतरलेल्या अवस्थेत ऑगस्टपर्यंत कपाटात राहिला, हे तुम्हीच सांगितलंत. बंद फोनमध्येही थोडी थोडी बॅटरी उतरतच असते. त्यात बंद घर आणि अकोल्याचा मे!

तुमचा खरा राग वॉरंटीपेक्षा आम्ही बॅटरी 'बूस्ट' करून, म्हणजे मेलेल्या सेलला बाहेरून थेट करंट देऊन जागी करून, दिली नाही याचा आहे, असं मला वाटतं. दुसरीकडे कुणी तरी शंभर रुपयांत करून देतो म्हणालं होतं. बूस्ट आम्हालाही येतं, डीसी सप्लायला दोन वायरी लावायच्या, झालं. पण सेल इतका खाली गेला की आतली तांब्याची फॉइल विरघळायला लागते. परत करंट दिला की तेच तांबं आत नको तिथे जमतं आणि सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. फोन चालू होईल, १००% सुद्धा दाखवेल. नंतर खिशात तापला किंवा फुगला तर? दुकानदार शंभर रुपये घेऊन मोकळा. आम्ही असा सेल बूस्ट करत नाही, कुणालाच नाही.

आता रोज शून्यावर आणून मग चार्ज करण्याबद्दल. ती सवय निकेल-कॅडमियम बॅटरीच्या हँडसेटची, नव्वदच्या दशकातली. त्यांना पूर्ण उतरवावं लागायचं. आताच्या फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीला त्याची गरज नाही, उलट रोज तळापर्यंत नेलं तर ती लवकर थकते. ॲपल आयफोन १४ पर्यंतच्या मॉडेलांना ५०० पूर्ण सायकलींनंतर ८०% क्षमता राहील असं सांगते, आयफोन १५ पासून १०००. सायकल म्हणजे चार्जर लावल्याची गणती नव्हे. आज ५०% आणि उद्या ५०% वापरलं तर मिळून एक. त्यामुळे २०-३०% ला चार्जर लावला म्हणून काही वाया जात नाही. टक्केवारी उड्या मारत असेल तर कधीतरी ० ते १०० करावं. त्याने आकडा सुधारतो, बॅटरी नाही. तरीही रोजच्या सवयीने बॅटरी पाच महिन्यांत मरत नाही. मी दोष त्या सवयीला दिलाच नव्हता, कपाटातल्या तीन महिन्यांना दिला होता.

बाजारात डुप्लिकेट माल भरपूर आहे, तुमची शंका मी समजू शकतो. पण बॅटरीवरचा नंबर बिलावर लिहिलेला आहे, ताडून बघा. जुनी बॅटरी वेगळी काढून ठेवलीय.

वॉरंटीत हे बसत नाही. नवीन टाकायची असेल तर बॅटरीचेच पैसे लागतील, फिटिंगची मजुरी घेणार नाही. आणि पुन्हा फोन ठेवून द्यायचा झाला तर निम्मा चार्ज करून, स्विच ऑफ करून ठेवा. मध्ये कधीतरी काढून परत निम्म्यावर आणा.

बिल सापडलं नाही तरी या, रजिस्टरमध्ये नोंद आहे. मंगळवारी दुकान बंद असतं.